टपावरचं अंथरूण

ठाणे, रविवार रात्र

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

नाताळच्या सहलीत बंड्या गाडीच्या टपावर झोपणार म्हटल्यावर परवा फोनवर आई "टपावर?" एवढंच म्हणाली आणि त्यानंतर कुणाचं काही ऐकूनच घेईना. मग रेंज गेली. खरं सांगते, रेंज गेली नव्हती, मीच फोन ठेवला. म्हणून आता पत्र. कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही.

आधी बाबांचं. बाबा, तुम्ही गप्प होतात म्हणजे डोक्यात गाडीचं पासिंग होतं, हे मला इथं बसून कळलं. गाडी ह्यांच्या मित्राची आहे. छत कापून त्या जागी उचलतं टप बसवलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात तशी नोंद आहे. मी स्वतः वाचली. गाडी चालू असताना टप बंद, दोन्ही खटके लागलेले, आणि पोरगा खाली सीटवर पट्टा लावून. मुक्कामाला गाडी उभी राहिली, चाकाला दगड लागला, की मगच वर.

आता आईचं. टप म्हणजे उघडं टप नाही गं. मागच्या बाजूला बिजागरी आहे, पुढची बाजू वर उचलते आणि तिन्ही बाजूंनी जाड कापडाची भिंत ताणली जाते. आत प्लायची फळी, तीच झोपायची जागा. 190 सेंटिमीटर लांब, 115 रुंद. खाली उतरायच्या भोकाला जाळी आहे, ती हुकांनी अडकवायची. तान्ह्या पोराला मी तिथं ठेवलं नसतं, पण बंड्या सात वर्षांचा आहे. तरीही पहिल्या रात्री मी त्याच्या शेजारी, भोकाच्या बाजूला झोपणार आहे.

आणि एक विचारू का? बाबा मुक्कामाची गाडी घेऊन जायचे तेव्हा उन्हाळ्यात ते आणि कंडक्टरकाका एसटीच्या टपावरच झोपायचे. वर नुसता सामानाचा कठडा. तेव्हा तू घोंगडं, चादर, उशी अशी वळकटी सुतळीनं करकचून बांधून द्यायचीस. कधी एक शब्द बोलली नाहीस.

असो. भांडण संपलं. आता खरं काम, ते अंथरुणाचं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही भंडारदऱ्याला चाललोय. कसारा घाट चढून घोटी, तिथून आत. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण तिथलंच, आणि आमचा मुक्काम पाण्यापासून फार लांब नाही. ठाण्यात डिसेंबरमध्येसुद्धा पंखा लागतो, त्यामुळे इथं बसून तिथल्या थंडीचा अंदाज कुणालाच येत नाही. म्हणून पोराला न्यायच्या आधी मागच्या शनिवारी आम्ही दोघंच जाऊन आलो. मी वर झोपले, हे खाली. म्हटलं, पोराचं अंथरूण ठरवायचं तर आधी आपण त्यावर एक रात्र काढावी.

तर ऐक. फळीवर दोन इंची फोम, त्यावर बेडशीट, अंगावर सोलापुरी चादर दुहेरी. एक वाजेपर्यंत छान झोप. मग जी थंडी सुरू झाली ती वरून नाही, खालून. पाठीला, मांडीला. आणखी एक शाल वर ओढली, काही फरक नाही. अंगाखाली फोम दबला की त्यात हवा उरत नाही, आणि फळीच्या खालची हवा रात्रभर गार होत जाते. आम्ही दोघंही आयुष्यभर पांघरुणांचाच विचार करत आलो, घरात खाली जमीन असते ना.

चारला जाग आली तेव्हा कुशीवर वळताना हात फोमखाली गेला. ओला! मला वाटलं पाण्याची बाटली सांडली. मोबाइलचा उजेड पाडला तर फळीवर घाम सुटल्यासारखे थेंब, आणि कापडाच्या भिंतीलाही हात लावला की बोटं ओली. पाऊस नाही, गळती नाही. माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. घरात ते कुठं जातं कळत नाही, पण त्या एवढ्याशा डब्यात ते गार फळीवर नि कापडावर येऊन बसतं. चुलीवरच्या झाकणाखाली पाणी जमतं, तसंच. उशीची एक बाजू भिंतीला टेकली होती, तेवढीच ओलीचिंब झाली होती.

म्हणून आई, तू नव्यानं पिंजून घेतलेली गादी पाठवू नकोस. मला माहीत आहे तू त्यावर किती जीव लावलायस. पण कापूस हे सगळं पाणी पिऊन बसेल, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत ऊन कुठून दाखवणार? दुसरं म्हणजे ती मावतच नाही. टप खाली घेतलं की फळी आणि छत यांच्यात जेमतेम चार इंच उरतात. इथल्या एका फोमवाल्याला मी माप लिहून दिलं होतं, तरी त्यानं त्याहून जाड फोम दिला, वर "दाबून बसतो, मॅडम" म्हणाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही तो वर घातला, बेडशीट अंथरलं आणि टप ओढलं. एक खटका लागला, दुसरा लागेना. हे पट्ट्याला लोंबकळले. वॉचमनकाका मदतीला आले, तेही लोंबकळले. शेवटी बेडशीटचं टोक खटक्यात सापडून टर्र फाटलं. रात्री साडेअकराला मी ब्रेड कापायच्या दातेरी सुरीनं फोम आडवा चिरत बसले होते. सरळ चिरला गेला नाही, पण कडेनं चार बोटं मोकळी ठेवली, म्हणजे आता तो कापडाच्या भिंतीला लागत नाही. नवं घेण्यापेक्षा हे बरं जमलं.

आता सगळ्यात खाली प्लास्टिकच्या जाळीची मॅट घातलीय, अर्धा इंच जाडीची. त्यामुळे फोमखालून हवा खेळते. भिंतीची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, थंडी असली तरी. आई, इथं तू म्हणशील शेगडी ठेवा. शेगडीचं नावसुद्धा काढू नकोस. बंद गाडीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नाही, झोपेतला माणूस उठत नाही. फार तर गरम पाण्याची रबरी पिशवी अर्धा तास आधी पायथ्याशी ठेवायची आणि पोरगा आत शिरला की काढून घ्यायची.

त्याच्यासाठी स्लीपिंग बॅग घेतली. म्हणजे शिवलेली पिशवीच, चेन असलेली, कारण हा झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि चादर कधीच अंगावर राहत नाही. दुकानदार मोठ्या माणसाची बॅग गळ्यात मारत होता. "पुढं वापरेल, मायनस पाचपर्यंत चालते." मी लेबल वाचलं. त्यावर तीन आकडे असतात. मायनस पाच हा शेवटचा, म्हणजे तेवढ्यात माणूस जेमतेम तगतो, झोपत नाही. झोपेचा आकडा पहिला, तो होता दहा. आणि ही मापं मोठ्या माणसाच्या पुतळ्यावर घेतलेली, पोराला त्याहून उबदार हवी. शिवाय मोठी बॅग म्हणजे पायाकडे रिकामी जागा, ती गरम करता करता पोरगा गारठतो. शेवटी मुलांची घेतली, झोपेचा आकडा पाच असलेली. थोडी लांब आहे, पायाकडचा भाग दुमडून नाडीनं बांधीन. पिसांची नाही घेतली. पिसं ओली झाली की गोळा होऊन बसतात, ऊबच संपते. ही आतून साधी सिंथेटिक आहे, मशीनमध्ये धुता येते. आणि धुवावी लागणारच आहे. दिवसभर हुंदडला की बंड्या अजूनही महिन्यातून एखादी रात्र घोटाळा करतो. (हे त्याच्यासमोर वाचू नका, आता त्याला वाचता येतं.)

त्यावरून मेणकापडाचा पेच झाला. पूर्ण फोमभर घातलं तर वरची ओल त्याच्यावरच साठणार आणि पोरगा कुशी वळला की रात्रभर कुरकुर वाजणार. म्हणून फक्त मधल्या हातभर जागेत, फोमवर. त्याच्यावर काय घालायचं हे चार दिवस डोक्यात घोळत होतं, आणि मग कपाट आवरताना बाबांचा जुना फोटो हाताला लागला. डेपोच्या फाटकात, खांद्यावर वळकटी. घोंगडं!

बाबा, ते घोंगडं द्याल का? लोकर ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि अंगाखाली दबूनही फोमसारखी चपटी होत नाही. मला हे चार वाजता त्या फळीवर बसून पटलं, तुम्हाला तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. टोचतं ते माहीत आहे, म्हणून त्यावर सुती बेडशीट घालणार. कसर लागली असेल तर तसं सांगा, तरी पाठवा, मी इथं रफू करून घेईन.

आणि आई, आता तुझं काम. मला एक वाकळ हवी आहे. इथं सगळे गोधडी म्हणतात, मीही म्हणायला लागलेय, पण हवी आहे ती तुझी वाकळ, चिंध्यांचा जाड थर असलेली नाही. फळीचं माप घेतल्यापासून एक गंमत माझ्या डोक्यात बसलीय. नऊ वार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरला थोडं जास्त. आणि पन्हा साधारण फळीएवढाच. म्हणजे एक लुगडं, चार पदरी, न कापता, न जोडता, त्या टपात बरोब्बर बसतं! आत काही भरू नकोस. नुसता धावदोरा, जवळजवळ. दिवसा गुंडाळून खाली सीटखाली जाईल, इतकी ती पातळ व्हायला हवी. आम्हा दोघांच्या दोन पिशव्या आणि वरून ही एकच वाकळ, असं ठरवलंय.

लुगडं कुठलं ते तू ठरव. आजीचं ते हिरवं, काठ विरलेलं, अजून असलं तर तेच. मऊ झालंय ते. नवं मुळीच घेऊ नकोस, नव्या लुगड्याची खळ चार धुण्यांत जात नाही.

टेपवर तुझा विश्वास नाही म्हणून सोबत सुतळी पाठवतेय. पहिल्या गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत लांबी, दुसरीपासून तिसरीपर्यंत रुंदी. लांबीला वीतभर जास्त झालं तरी चालेल, पायाकडे खोचता येईल. रुंदीला मात्र जास्त नको, कापडाला लागलं की पुन्हा ओलं. मामा पंधरा तारखेला ठाण्याला येतोय, त्याच्याकडे दोन्ही दे. त्याला सांग, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, जुन्या चादरीत बांध.

पाकिटात बंड्याचा निळा शर्ट आहे, त्याला आता होत नाही. खिशावरचा ट्रक कापून वाकळीच्या कोपऱ्यात शिव, असं त्यानं सांगितलंय. कुठल्या कोपऱ्यात विचारलं तर म्हणाला, डोक्याकडच्या, डाव्या.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, स्टेपनीतली हवासुद्धा तपासली.