विधी सीईटी : तर्काचे प्रश्न क्लृप्त्यांवर सुटत नाहीत

महोदय,

राज्याच्या विधी सीईटीची तयारी करणारी मुले आणि त्यांचे पालक सल्ल्यासाठी आमच्यासारख्या तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्यांकडे येतात, तेव्हा कायद्याच्या आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नांविषयी पुष्कळ विचारतात. तर्कशक्तीच्या विभागाविषयी मात्र ‘ते क्लासमध्ये करून घेतात’ एवढे सांगून मोकळे होतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत 120 पैकी 32 आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत 120 पैकी 24 प्रश्न या विभागाचे असतात, हे पाहता ही बेफिकिरी परवडणारी नाही. शिवाय क्लासमध्ये जे करून घेतात ते बहुतांशी कोडिंग-डिकोडिंग, संख्यामालिका, दिशा, रक्तसंबंध आणि बैठकव्यवस्था, प्रत्येकाची एकेक क्लृप्ती पाठ करून. विधान आणि गृहीतक, विधान आणि निष्कर्ष, युक्तिवाद सबळ की दुर्बळ, हे प्रश्न ‘वाचायला वेळ खातात’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. तयारीचा हा क्रम उलटा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोड्यांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. रक्तसंबंधांचे प्रश्न तर दिवाणी वकिलाच्या रोजच्या कामातले आहेत. वाटपाच्या दाव्यात मूळ पुरुषापासून वंशावळ काढून कोण कोणाचा वारस आणि कोणाचा हिस्सा किती हे ठरवल्याशिवाय वादपत्रच तयार होत नाही. पण अक्षरे दोन घरे पुढे सरकवून शब्द ओळखण्याचा आणि पक्षकाराची बाजू मांडण्याचा काय संबंध आहे, हे इतकी वर्षे वकिली करूनही मला उमगलेले नाही.

मुले नेमकी कोठे अडखळतात हे सांगण्यासाठी एक साधा प्रश्न घेतो. ‘सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत. म्हणून काही वकील शेतकरी आहेत.’ हा निष्कर्ष निघतो का? हुशार मुलेसुद्धा ‘निघतो’ म्हणतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, कारण आमच्या वकील संघातले निम्मे सदस्य पेरणीच्या दिवसांत तारखा मागत असतात! परंतु दिलेल्या दोन विधानांतून तो निष्कर्ष निघत नाही. शेतकरी असलेले पदवीधर सगळेच्या सगळे वकिलांखेरीज इतर असू शकतात. बाहेरची माहिती खरी असली तरी ती दाराबाहेर ठेवून केवळ समोरच्या विधानांवरून निर्णय करायचा, ही या प्रश्नाची खरी परीक्षा आहे, आणि अभिलेखावर नसलेल्या गोष्टीवर युक्तिवाद करता येत नाही हा न्यायालयातला नियमही वेगळे काही सांगत नाही. प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ काढण्याची क्लृप्ती येथे उपयोगी पडते, नाही असे नाही. पण वकील आणि शेतकरी यांची वर्तुळे एकमेकांना छेदलीच पाहिजेत की छेदू शकतात, हा फरक ज्याला कळला नाही त्याला वर्तुळे काढूनही उत्तर सापडत नाही.

दुसरी चूक मुलांपेक्षा पालकच अधिक करतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत 45 टक्के गुण असल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. त्याचा अर्थ ‘45 टक्के पडले की प्रवेश पक्का’ असा लावून पालक निर्धास्त होतात. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतील ही गल्लत तर्काच्या प्रश्नांत हमखास विचारली जाते, आणि कायद्याच्या पुस्तकांत ती पानोपानी टाळावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 मध्ये सदोष मनुष्यवधाची आणि 101 मध्ये खुनाची व्याख्या आहे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. आरोपीला जन्मठेप होणार की काही वर्षांची शिक्षा, हे पुष्कळदा एवढ्याशा फरकावर ठरते. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, हे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राने, म्हणजे न्यायदर्शनाने, तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देऊन केव्हाच सांगून ठेवले आहे.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो युक्तिवादाच्या प्रश्नांना. नमुन्यादाखल मीच रचलेला एक प्रश्न देतो. ‘एका तालुका न्यायालयात ई-फायलिंगची, म्हणजे दावे ऑनलाइन दाखल करण्याची, सोय झाली आणि पुढच्या वर्षी दिवाणी दावे वाढले, सबब या सोयीमुळेच दावे वाढले.’ हा युक्तिवाद सर्वाधिक दुर्बळ करणारे विधान निवडायचे आहे. पर्याय असे : ई-फायलिंगसाठी इंटरनेट लागते, त्याच वर्षी नव्या महामार्गासाठी त्या तालुक्यातील जमिनींची मोजणी होऊन हद्दीचे वाद उभे राहिले, अनेक वकिलांना ही सोय आवडत नाही, आणि ही सोय नसलेल्या शेजारच्या तालुक्यात दावे वाढले नाहीत. बरीच मुले तिसरा पर्याय निवडतात, कारण तो ई-फायलिंगच्या विरोधात बोलतो. परंतु आपल्याला सोयीला विरोध करायचा नसून ‘सोयीमुळे दावे वाढले’ या जोडणीला धक्का द्यायचा आहे. तो धक्का दुसरा पर्याय देतो, कारण तो दावे वाढण्याचे वेगळे कारण पुढे आणतो. चौथा पर्याय तर उलट मूळ युक्तिवादालाच बळ देतो, आणि घाईत वाचणारा नेमका त्यालाही फसतो. असा प्रश्न हाती घेताना ‘सबब’, ‘म्हणून’, ‘यावरून’ यांसारख्या शब्दाशी थांबून निष्कर्ष वेगळा काढावा, उरलेल्या मजकुराला पुरावा समजावे, आणि पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत जाताना लेखकाने न सांगता काय धरून चालले आहे, हे पर्याय वाचण्याआधीच स्वतःशी बोलावे. सुरुवातीला अशा एका प्रश्नाला पाच मिनिटे लागतील, लागू द्यावीत. एका मिनिटाला एक प्रश्न हा वेग सरावाने पुढे येतो, आणि राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्याने प्रत्यक्ष परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. सराव करताना मात्र अंदाजाने बरोबर आलेले उत्तर चुकले असेच धरावे.

कोडी कमी करून युक्तिवादाला महत्त्व देण्याचा बदल अन्यत्र परीक्षांतच झालेला आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी देशपातळीवर होणाऱ्या क्लॅट परीक्षेने 2020 पासून सुटी कोडी जवळपास बाजूला सारून सुमारे 450 शब्दांच्या उताऱ्यांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात, आणि तेथे प्रत्येक चुकीला पाव गुण कापला जातो. अमेरिकेत विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या एलसॅट परीक्षेतून तर बैठकव्यवस्थेच्या धर्तीची कोडी ऑगस्ट 2024 पासून पूर्णपणे वगळण्यात आली. आकृती काढल्याशिवाय ती सोडवणे अवघड असल्याने अंध उमेदवारांवर अन्याय होतो, अशा तक्रारीवरून चाललेल्या दाव्यात 2019 मध्ये तडजोड झाली होती, त्याचा हा परिणाम. आपल्याकडेही दृष्टिहीन विद्यार्थी विधी सीईटी देतात. गोल टेबलाभोवती आठ जणांना बसवण्याचा प्रश्न लेखनिकाच्या मदतीने सोडवताना त्यांची काय अवस्था होत असेल, याचा विचार प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी करायला हवा.

उताऱ्यांवरचे प्रश्न काढणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. क्लॅटच्या उत्तरतालिकेचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न काढण्यातील हलगर्जीपणाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. म्हणून राज्याच्या सीईटी कक्षाला माझी सूचना अशी आहे, की तर्कशक्तीच्या विभागात युक्तिवादाच्या प्रश्नांचा वाटा टप्प्याटप्प्याने निम्म्यावर न्यावा आणि त्यासोबत, या विभागापुरते तरी, अंतिम उत्तरतालिकेत प्रत्येक उत्तराचे कारण व इतर तीन पर्याय का नाकारले हे दोन-तीन ओळींत मराठी व इंग्रजीत छापावे. आज शुल्क भरून आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकाने कोणत्या कारणाने ते उत्तर ठरवले हे माहीतच नसते, त्यामुळे तो नेमके कशावर आक्षेप घ्यावा याचाच अंदाज बांधत बसतो. कारणे छापली गेली तर तालुक्याच्या ठिकाणी क्लास न लावता अभ्यास करणाऱ्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिकाच पाठ्यपुस्तकासारख्या वापरता येतील, आणि त्यासाठी कक्षाला वेगळा खर्चही फारसा करावा लागणार नाही, कारण प्रश्न काढणाऱ्याकडे ती कारणे लेखी असलीच पाहिजेत.

आपला,
एक वाचक वकील, जिल्हा सोलापूर