फायरवॉलमधील छुप्या विश्वासू-यादीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : विंडोजची निदान-माहिती बाहेर जाऊ नये म्हणून घातलेला नियम आपल्या फायरवॉलने परस्पर डावलल्याबाबत.

महोदय,

सांगली येथे माझे चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय असून तेथील सर्व संगणकांवर आपल्या कंपनीची फायरवॉल (संगणकात येणाऱ्या-जाणाऱ्या कनेक्शन्सवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम) वार्षिक सशुल्क परवान्यासह बसवलेली आहे. ती विकत घेण्यामागे एकच कारण होते. विंडोजसोबत येणारी फायरवॉल बाहेरून येणारी अनाहूत कनेक्शन्स अडवते, परंतु संगणकातून बाहेर जाणारी कनेक्शन्स, वेगळा नियम घातला नाही तर, सरसकट सोडून देते. आपल्या माहितीपत्रकात मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या घटकांसह प्रत्येक बाहेर जाणारे कनेक्शन ग्राहकाच्या परवानगीवर अवलंबून राहील असे स्पष्ट आश्वासन आहे, आणि त्या आश्वासनाचेच पैसे मी मोजले आहेत.

त्यानुसार ‘कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ ही विंडोजची निदान-माहिती, म्हणजे संगणक कसा चालतो याची माहिती, मायक्रोसॉफ्टकडे पाठवणारी सेवा, जिचे अंतर्गत नाव डायगट्रॅक आहे, अडवण्याचा नियम प्रत्येक संगणकावर घातला. आपल्या उत्पादनाची नवी आवृत्ती येईपर्यंत तो व्यवस्थित पाळला जात होता आणि अडवलेल्या प्रयत्नांच्या नोंदी फायरवॉलच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दिसत होत्या. नव्या आवृत्तीनंतर नियमासमोर ‘सुरू’ असेच लिहिलेले राहिले, पण लॉगमधील नोंदी एकाएकी बंद झाल्या.

कार्यालयात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हा सर्व्हरच्या नावांच्या चौकशा हाताळणारा प्रोग्रॅम चालू आहे. तो अडवूही शकतो, पण माझ्याकडे काही अडवत नाही, कोणत्या संगणकाने कोणत्या सर्व्हरचे नाव विचारले याची फक्त नोंद ठेवतो. त्यात ‘व्ही१०.इव्हेंट्स.डेटा.मायक्रोसॉफ्ट.कॉम’ आणि ‘सेटिंग्ज-विन.डेटा.मायक्रोसॉफ्ट.कॉम’ ही नावे पूर्वीप्रमाणेच येत होती. केवळ नाव विचारले गेले म्हणजे कनेक्शन झाले असे होत नाही, हे मला कळते. म्हणून वायरशार्क या नेटवर्कवरील वाहतूक टिपणाऱ्या प्रोग्रॅमने एका संगणकाची बाहेर जाणारी वाहतूक टिपली. पोर्ट ४४३ वर (सुरक्षित वेब-जोडणीच्या मार्गावर) जोडणीची पहिली विनंती गेली, तिच्यात याच सर्व्हरचे नाव उघड वाचता येत होते, पलीकडून उत्तर आले आणि त्यानंतर सांकेतिक रूपातील डेटा बाहेर गेला. त्याच मिनिटाला आपल्या फायरवॉलच्या लॉगमध्ये ‘अडवले’ अशी नोंद नाही आणि ‘सोडले’ अशीही नाही. नियम मोडला गेला हे वाईटच. परंतु तो मोडला गेल्याचे ग्राहकाला दिसूही नये अशी व्यवस्था असणे, ही माझी खरी तक्रार आहे.

यावर आपल्या साहाय्य विभागाने ई-मेलने कळवले की, ऑपरेटिंग सिस्टीमच्या निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असलेले घटक आता एका अंतर्गत ‘विश्वासू’ यादीत धरले जातात, ही यादी ग्राहकाच्या नियमांच्या वर असते, ती पाहता किंवा बदलता येत नाही, आणि हे सारे संगणकाच्या स्थैर्यासाठी केले आहे. नव्या आवृत्तीसोबतच्या माहितीत या बदलाचा एका ओळीनेही उल्लेख नाही. सोसायटीच्या वॉचमनने बिल्डरची माणसे रजिस्टरमध्ये न लिहिता आत-बाहेर सोडावीत आणि विचारल्यावर ती भरवशाची आहेत म्हणून सांगावे, तसा हा प्रकार आहे.

स्थैर्याचा मुद्दा मी तपासून पाहिला आणि तो टिकत नाही. विंडोज अपडेट आणि डायगट्रॅक या दोन्ही सेवा एसव्हीसीहोस्ट या एकाच फाइलच्या आधाराने चालतात, त्यामुळे ती फाइलच अडवली तर अपडेट बंद पडतील, हे खरे. पण फायरवॉलना आधार देणाऱ्या, विंडोजमधीलच ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’मध्ये सेवेच्या स्वतंत्र ओळखीवरून नियम लावण्याची सोय आहे, आणि आपल्याच उत्पादनाच्या नियमांच्या खिडकीत सेवेचे नाव निवडण्याचा रकाना आहे. सुरक्षा-अपडेट मला हवेच आहेत. ते कधीही अडवलेले नाहीत.

स्वाक्षरी पाहून सरसकट सूट देणे सुरक्षेच्या दृष्टीनेही घातक आहे. सर्टयुटिल, पॉवरशेल यांसारखे विंडोजसोबतच येणारे, मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेले प्रोग्रॅम हल्लेखोर फाइली उतरवून घेण्यासाठी आणि माहिती बाहेर नेण्यासाठी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. या व्यवसायात असलेल्या आपल्या कंपनीला मॅकओएस बिग सर या अॅपलच्या संगणकांवरील ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रकरणही ठाऊक असणारच. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत अॅपलने आपल्या पन्नासहून अधिक प्रोग्रॅम व सेवांची एक यादी ठेवली होती, आणि लिटल स्निच किंवा लुलू यांसारख्या फायरवॉलना त्यांची वाहतूक दिसतच नव्हती. त्याच सवलतीच्या आडून एखादा दुष्ट प्रोग्रॅमही माहिती बाहेर नेऊ शकतो, हे सुरक्षा-संशोधक पॅट्रिक वॉर्डल यांनी दाखवून दिले, आणि ११.२ या आवृत्तीत अॅपलने ती यादी काढून टाकली. तिथे फायरवॉल बनवणारे ग्राहकाच्या बाजूने उभे होते. इथे ती यादी फायरवॉल बनवणाऱ्यांनीच तयार केली आहे.

साहाय्य विभागाने सुचवलेले पर्यायही निरुपयोगी आहेत. सेटिंग्जमध्ये जाऊन ऐच्छिक निदान-माहिती बंद करा, असे सांगण्यात आले. ती आधीपासून बंदच आहे. ‘आवश्यक’ म्हटलेली माहिती मात्र होम आणि प्रो आवृत्त्यांत बंद करता येत नाही, ती सोय एंटरप्राइज व एज्युकेशनसारख्या आवृत्त्यांनाच आहे. आता ‘आवश्यक’ किती, हे ठरवणाराही निर्माताच. फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये विंडोज १० बाबत मायक्रोसॉफ्टला औपचारिक नोटीस दिल्यानंतर कंपनीने किमान पातळीवर गोळा होणाऱ्या माहितीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले होते, यावरून तो शब्द किती ताणता येतो ते दिसते. संगणकावर सर्व्हरच्या नावांचे पत्ते ठरवणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये ती नावे घालून अडवावीत, हा दुसरा सल्ला. २०२० पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा विंडोजमधील अँटिव्हायरस अशा फाइलला धोका ठरवून मूळ स्थितीत आणायला निघतो, हे सल्ला देणाऱ्यास माहीत असायला हवे होते. सर्व्हरचे आयपी (आकडी) पत्ते अडवावेत, तर ते बदलत राहतात. पाय-होलमधूनच अडवा असेही सुचवले गेले, पण ऑडिटच्या काळात आमचे लॅपटॉप साखर कारखान्यांत आणि हळद व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात. पाय-होल तिथे पोहोचत नाही.

आमच्या संगणकांतून कोणाचा ताळेबंद बाहेर गेला, असा माझा दावा नाही. परंतु संगणक किंवा प्रोग्रॅम बंद पडल्यास ऐच्छिक निदान-माहितीसोबत त्या क्षणीची मेमरी जाऊ शकते आणि तिच्यात उघड्या असलेल्या फाइलचा भाग अनवधानाने असू शकतो, असे मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलेले आहे. ती माहिती बंद ठेवणारे बटण ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतच आहे. म्हणून त्याच्या बाहेरचे, माझ्या हातातले दुसरे कुलूप मला हवे होते. अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे हे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ नुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न योजण्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशिलाने विचारले तर आपली ‘विश्वासू’ यादी मी त्याला दाखवूही शकत नाही, कारण ती मलाच दिसत नाही.

तरी ती यादी संपूर्णपणे उघड करावी, ती बंद करण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा, आणि तिच्यातून सुटलेले प्रत्येक कनेक्शन लॉगमध्ये दिसेल असा बदल करावा, ही माझी मागणी आहे. तसा बदल होईपर्यंत मागील आवृत्ती सुरक्षा-दुरुस्त्यांसह वापरू देण्यात यावी. यांपैकी काही शक्य नसेल तर परवान्याच्या उरलेल्या मुदतीचे शुल्क परत करावे आणि माहितीपत्रकातील आश्वासन मागे घ्यावे. ते तसेच छापत राहणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ एवढाच संगणकीय मजकूर उत्तर म्हणून धरला जाणार नाही. समाधानकारक उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि त्यानंतर सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्यात येईल.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक ग्राहक, सांगली

सोबत : वायरशार्कने टिपलेली फाइल, त्याच वेळेचा आपल्या फायरवॉलचा लॉग, नियमाच्या खिडकीचे छायाचित्र, साहाय्य विभागाशी झालेला पत्रव्यवहार आणि परवान्याच्या पावतीची प्रत.