विषय: घुमटातला पिवळा हिमालय आणि ‘टू प्लस टू फोर-के’

प्रति,
व्यवस्थापक, अतिथी सेवा (आणि तांत्रिक विभाग असल्यास तोही)

महोदय,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला सहावा फोन केला. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या पार्कातला उडत्या खुर्च्यांचा शो (घुमटाच्या पडद्यासमोर खुर्च्या अधांतरी झुलतात तो), १४ तारीख, दुपारी सव्वातीनचा खेळ, तिसरी रांग, मधल्या खुर्च्या. चार तिकिटं, ७,२०० रुपये. हिमालयावरून जाताना डावीकडचा बर्फ पांढरा आणि उजवीकडचा जुन्या धोतरासारखा पिवळट. पुढे चांदण्या रात्रीचा प्रसंग येतो, तिथे आभाळाच्या बरोबर मधोमध वरपासून खालपर्यंत राखाडी पट्टा. नऊ वर्षांच्या नातवाने विचारलं, ‘आजोबा, तो रस्ता आहे का?’ मी म्हटलं, आकाशगंगा आहे. खोटं तुमच्या वतीने बोललो, पैसे मात्र मीच भरले होते.

असं का होतं हे तुम्हाला सांगायला नको, प्रोजेक्टर तुमचे आहेत. घुमटावरचं चित्र दोन प्रोजेक्टर मिळून टाकतात. त्यांची दोन चित्रं मधे एकमेकांवर चढवली की दोन्ही प्रोजेक्टरचा चुकार उजेड तिथे जमा होतो, आणि काळ्या प्रसंगात पट्टा उठतो, कारण प्रोजेक्टरचं काळं कधीच पुरतं काळं नसतं. त्याला लेन्सपुढे मास्क, म्हणजे उजेड अडवणारी पट्टी, लावतात, दोन चित्रांचा मिलाफ पुन्हा बसवतात. पिवळेपणाचं तर त्याहून सोपं आहे. एका प्रोजेक्टरचा दिवा नवा आणि दुसऱ्याचा म्हातारा. दोन्ही बरोबर बदलायचे असतात, निदान रंग तरी जुळवून घ्यायचे असतात. मी एकतीस वर्षं एकपडदा थिएटरच्या प्रोजेक्टर-केबिनमध्ये काढली आहेत. चित्र पिवळं पडलं की खालून शिट्ट्या यायच्या आणि पुढच्या मिनिटाला आमचा हात आर्कवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या कार्बन-दिव्यावर, असायचा.

आता सहाव्या फोनबद्दल. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे ‘कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होतो’ म्हणतात. जरूर प्रशिक्षण द्या.

आधी वीस मिनिटं सनई. मग ‘सीनियर टेक्निकल एक्झिक्युटिव्ह’ आले. पट्ट्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘सर, तो सीनचाच भाग आहे.’ पिवळ्या बर्फाचं सांगितलं. म्हणाले, ‘सनसेट असेल सर.’ अर्ध्याच हिमालयावर सनसेट? यावर थोडं थांबून, अगदी मायेने: ‘सर, आपलं वय काय? मोतीबिंदू वगैरे?’ दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू गेल्या वर्षी काढले आहेत, साहेब. आज मला जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं पन्नाशीतही दिसत नव्हतं, हीच तर तुमची अडचण आहे. शिवाय पट्टा आधी पाहिला तो नातवाने.

मग मी विचारलं, बाहेरच्या फलकावर ‘फिल्मपेक्षा चौपट स्पष्ट, ४के’ लिहिलंय, पण आत प्रत्येक प्रोजेक्टर २के आहे, हे कसं? हे मला तुमच्याच दारावरच्या मुलाने सांगितलं होतं (त्याला ओरडू नका, अख्ख्या पार्कात तो एकच खरं बोलला). उत्तर आलं: ‘सर, दोन प्रोजेक्टर आहेत ना. टू प्लस टू, फोर-के.’

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघत बसलो.

२के म्हणजे आडवे २०४८ आणि उभे १०८० ठिपके. ४के म्हणजे ४०९६ आणि २१६०. ठिपके चौपट होतात, म्हणजे ४के भरायला २केचे चार प्रोजेक्टर लागतात, आणि तेही एकमेकांवर न चढवता. तुमचे दोनच, त्यांतही मधला भाग पट्ट्यात गेला. शेवटी मला ‘पुढच्या भेटीत पॉपकॉर्नवर २० टक्के सूट’ देऊ केली. पॉपकॉर्न! मी पडद्याबद्दल बोलत होतो.

म्हातारा फिल्मसाठी गळा काढतोय, असं वाटेल. तसं नाही. २००८ साली थोरल्या नातीला आणलं तेव्हा याच घुमटात ७० एमएमची आठ छिद्रांची (म्हणजे एका फ्रेमच्या कडेला आठ छिद्रं असलेली) फिल्म चालायची, सेकंदाला ३० फ्रेम. सहा मिनिटांना चारशे मीटरच्या आसपास फिल्म, दिवसभर फिरून फिरून तीच. धूळ बसायची, रेघा पडायच्या, जॉइंटवर चित्र उडी मारायचं. प्रिंट झिजली की नवी मागवायला पैसे पडतात, तेही मला ठाऊक आहे. मुलीकडे गेलो की ॲनाहाइमच्या डिस्नेत जाणं होतं. तिथलं ‘सोरिन’, म्हणजे असाच उडत्या खुर्च्यांचा शो, २००१ साली सुरू झालं तेव्हा आयमॅक्स फिल्मवर होतं, सेकंदाला ४८ फ्रेम. पुढे ते लेझर डिजिटलवर गेलं. कडेच्या खुर्चीवरून आयफेल टॉवर वाकडा दिसतो म्हणून लोक नावं ठेवतात, पण उजेड एकसारखा असतो आणि चित्रावर धुळीचा कण नाही. डिजिटल नीट केलं तर उत्तम होतं, हे मी माझ्या नव्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही बदललं ते नुसतं यंत्र नाही, केबिनमधला माणूस काढलात. फिल्म तुटली की खेळ बंद पडायचा, म्हणून तिथे माणूस ठेवावाच लागायचा. डिजिटल तुटत नाही. ते रोज थोडं थोडं मंद होत जातं आणि तुमच्या संगणकावर ‘शो पूर्ण’ अशी हिरवी खूण उमटते. घुमटात ही मंदी आणखी झोंबते, कारण एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर आपटून चित्र आधीच धुवून काढतो. घुमटात बसून एक अख्खा खेळ तुमच्यापैकी कोणी शेवटचा कधी पाहिला? पाहिला असता तर पिवळा हिमालय दिसला असता. का तुम्हालाही मोतीबिंदू?

असो. चार तिकिटांपैकी शोचा जो हिस्सा असेल तो परत करा आणि फलकावरचं ‘४के’ पुसा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. फलकाचा फोटो माझ्याकडे आहे, पट्ट्याचा नाही, कारण आत मोबाइल बंद ठेवा असं तुम्हीच सांगता आणि मी ते पाळलं. पॉपकॉर्नची सूट नको आहे, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर तीनदा सांगूनही तिचा एसएमएस आलाच.

आपला,
२००८पासूनचा ग्राहक

ता. क. केबिनच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, हाताचा पंजा उमटलेला आहे. बाहेर पडताना मान वर केली तर दिसतो. मऊ, कोरड्या मलमलीने पुसा. शर्टाच्या बाहीने पुसू नका.