तेरा भागांची मोटारसायकल

जुन्या मालिकांचा विषय निघाला की 'स्ट्रीट हॉक' हमखास भाव खाऊन जाते. मी ती परवा पुन्हा पाहिली आणि वरमलो. १९८५ साली अमेरिकेत ती अवघ्या १३ भागांत गुंडाळली गेली, यात नवल नाही. गुन्हा घडणार, नायक जेसी काळ्या मोटारसायकलवर स्वार होणार, नियंत्रण कक्षातून त्याचा साथीदार नॉर्मन काळजी करत सूचना देणार आणि गाडी ताशी ३०० मैलांनी सुटणार. रस्ता धूसर होतो ते दृश्य तर दर वेळी तेच ते!

पण दूरदर्शनवर ती लागली की आमच्या लालबागच्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर पार उंबऱ्यापर्यंत पोरं दाटायची. दुसऱ्या दिवशी सायकलच्या चाकात पत्ता अडकवून फटफट आवाज काढत आम्ही अंगणभर सुसाट. धाकटा भाऊ कायम नॉर्मन, कारण सायकल माझी होती.

मुलीला एक भाग दाखवला. 'बाबा, पुढे काय होणार ते पाच मिनिटांत कळतं,' म्हणाली. कळायचं आम्हालाही. आम्ही फक्त ती गाडी कधी सुटते याची वाट बघत बसायचो.

– एक वाचक, लालबाग, मुंबई