अण्णांच्या झेनिटची लेन्स

पुणे,
१२ मे

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. तू लिहितोस की कपाट आवरताना अण्णांचा जुना झेनिट कॅमेरा सापडला, शटर अडकलंय, आणि अण्णा स्वतःच म्हणतात की भंगारात दे. अरे, देऊ नकोस! २०२१च्या चिपळूणच्या पुरात तुमचा खालचा मजला पाण्यात गेला तेव्हा वरच्या कपाटात होता म्हणून तो वाचलाय. कॅमेरा दुरुस्त होईल की नाही ते पुढचं पुढे बघू. त्याच्यावरची लेन्स मात्र आजच काढून घे. तू पाठवलेल्या फोटोत कडेवरची अक्षरं स्वच्छ दिसतात: हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. यातले ५८ मिमी ही फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती जवळचं चित्र दाखवते त्याचं माप, आणि एफ/२ म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र जास्तीत जास्त किती उघडतं ते; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. तुझ्या नव्या सोनीसाठी कुठली लेन्स घेऊ, असं तू मागच्या महिन्यात विचारत होतास ना? ती तुझ्या घरातच होती.

तिचं कूळ जर्मन आहे. येनाच्या कार्ल झाइस कारखान्यात विली मेर्टे यांनी 'बायोटार' नावाची रचना केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धभरपाई म्हणून तिथली यंत्रं आणि माहितगार माणसं सोव्हिएत संघात गेली, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला त्याच बायोटारवरून हेलिओस तयार झाली. चार गटांत बसवलेली सहा भिंगं, बाकी सगळं धातूचं. कडेवर लोलकातून किरण जातानाची खूण असेल तर ती क्रास्नोगोर्स्कचीच समज. अशा लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात, तेवढे मला कळव. अण्णांनी ती कुठे आणि कशी मिळवली तेही विचार. त्या काळात कॅमेरा घेणं म्हणजे घरात मोठी घटना असायची, त्यांना नक्की आठवत असेल.

आता बसवायची कशी ते सांगतो. लेन्स पेचाची आहे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की निघते. या पेचाला एम-४२ म्हणतात, कारण व्यास ४२ मिमी. जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागे आरसा हलायला जागा लागायची, म्हणून या लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमी लांब ठेवलेली असते. तुझ्या मिररलेस सोनीत आरसाच नाही, तिथे हे अंतर फक्त १८ मिमी. मधली साधारण साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळी भरायला एक अडॅप्टर मिळतो. त्यात काच नाही, वायर नाही, नुसती धातूची नळी, त्यामुळे स्वस्तही असतो. कॅमेऱ्याला मात्र समोर लेन्स आहे हे कळणार नाही. मेनूत 'लेन्स नसतानाही शटर चालू दे' असा पर्याय असतो तो चालू कर, आणि हात हलला तर सावरणाऱ्या यंत्रणेला फोकल लेंग्थ साधारण ५८ आहे हे हाताने भरून सांग.

त्याआधी एक तपासणी. चिपळूणची हवा लेन्सला वाईट. ॲपर्चर, म्हणजे ते पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च मार आणि समोरून तिरकं बघ. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सुरुवातीची असेल तर जाणकार मेकॅनिक लेन्स उघडून साफ करतो, पण जुनी बुरशी काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग डाग कायमचा राहतो. चामड्याच्या केसमध्ये परत ठेवू नकोस, ते चामडं दमट असतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव. ॲपर्चरच्या पात्यांवर थोडं तेल दिसलं तर घाबरू नकोस. या लेन्समध्ये पाती हातानेच उघडायची-मिटायची असतात, त्यामुळे तेलाने काम अडत नाही.

लेन्सच्या पुढच्या भागात ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एकीवर आकडे असतात, ती 'टक टक' करत फिरते. तिने किती मिटायचं ते ठरवायचं. दुसरी मुलायम फिरते. तिने ॲपर्चर उघडायचं, फोकस करायचा आणि क्लिक करण्याआधी ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटायचं. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

ही लेन्स कशासाठी प्रसिद्ध आहे ते तुला वाडीतच कळेल. दुपारी जायफळाच्या झाडाखाली अण्णांना खुर्चीत बसव. मागे जरा लांब पानांतून कवडसे येत असतील अशी जागा निवड. एफ/२ला ठेवून दीड-दोन मीटरवरून फोटो घे. मागचे सगळे कवडसे अण्णांच्या भोवती गोल फिरल्यासारखे दिसतील. फ्रेमच्या कडेला तिरका प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा अडतो, त्यामुळे तिथला प्रत्येक गोल चेपून लिंबाच्या फोडीसारखा होतो, आणि त्या सगळ्या फोडी मध्याभोवती रांगेत बसतात. रचनाकारांच्या दृष्टीने हा दोषच, नव्या लेन्समध्ये तो मेहनतीने घालवलेला असतो. मला तो फार आवडतो. तुझा कॅमेरा फुल फ्रेम आहे, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मएवढा मोठा, म्हणून तुला तो पूर्ण मिळेल, लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि निम्मी मजा जाते. सूर्य समोर आला तर मात्र फोटो पांढुरका पडतो. जुना लेप आजच्याइतका भक्कम नाही, हाताने सावली धरायची.

पण मकरंद, मी या लेन्सच्या प्रेमात पडलो ते गोल फिरणाऱ्या कवडशांमुळे नाही. मला तिने अंतर शिकवलं. ऑटोफोकसने फोटो काढत होतो तेव्हा समोरचा माणूस किती लांब उभा आहे हे मला कधी माहीतच नसायचं, जरूरच पडायची नाही. आता कॅमेरा उचलण्याआधीच डोळा मोजतो: ही कढईपाशी बसलेली बाई दोन मीटर, तो दारातला मुलगा चार. फोकसची रिंग आधीच तिथे गेलेली असते. एफ/२ला १ मीटरवर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो, म्हणजे माणसाचा जवळचा डोळा स्पष्ट आणि कान धूसर. कुठला डोळा, हे तुलाच ठरवावं लागतं. समोरचा बोलताना जरा पुढे झुकला की तुझं बोट त्याच्याबरोबर सरकतं. त्या सरकण्यात मला जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि तो तुला मिळावा म्हणूनच हे इतकं लांब पत्र.

सुरुवातीला कॅमेऱ्यातलं फोकस पीकिंग लाव, स्पष्ट कडांवर रंग चढतो. पण एफ/२ला त्याच्यावर पूर्ण विसंबू नकोस, चित्र मोठं करून डोळ्याची पापणी बघ. जुन्या ग्रीसमुळे रिंग जड झाली असेल तर ताकद लावू नकोस, मेकॅनिककडे दे.

माझ्याकडे नवीन काय, विचारशील. जुन्या बाजारात एक सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मिळाली, पिवळी पडलेली. त्या लेन्सच्या काचेत थोरियम आहे. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वळवते, पण ते किरणोत्सर्गी असल्यामुळे वर्षानुवर्षांत काचेला चहाचा रंग चढतो. वापरायला भीती नाही, फक्त काच घासायची-फोडायची नाही. आता ती उन्हात ठेवलीये, अतिनील किरणांनी पिवळेपणा हळूहळू उतरतोय. तूही कधी असं करशील तर खाली ॲल्युमिनियमची फॉइल ठेव आणि जवळ कागद-कापड काही ठेवू नकोस. भिंगच ते, आग लागू शकते.

आणि पालख्या पुण्यात येतील तेव्हा तू ये. मी माझी जुनी २८ मिमीची लेन्स देईन. एफ/८ला, म्हणजे छिद्र बरंच मिटवून, फोकसची रिंग सव्वातीन मीटरवर लावली की साधारण १.६ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग नाना पेठेच्या गर्दीत रिंगेला हातही लावायचा नाही, दिंडीबरोबर चालायचं आणि क्लिक करायचं. दिवे घाटात मात्र हेलिओस लाव, तिथे एकेका चेहऱ्यासाठी थांबता येतं. राहायची सोय माझ्याकडेच आहे.

अण्णांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार. अडॅप्टर मी इथून मागवून कुरिअर करतो, तू घेऊ नकोस.

तुझा,
श्रीनिवास