पंप मोठा घेण्याआधी

सोलापूर,
18 मे

प्रिय दत्ता,

कुगावच्या काठाला बोट नुसती बांधलेली असताना तळातलं पाणी उपसणारा पंप दर पाच मिनिटांनी आपोआप चालू होतोय, म्हणून दुप्पट मोठा पंप घ्यायचा म्हणतोस. एवढ्यात घेऊ नकोस. पंप आलेलं पाणी बाहेर टाकतो, येणारं थांबवत नाही.

आधी एक कर. पंप थांबला की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतं तिथं, पाण्याच्या कडेला मार्करने रेघ मार आणि बघत बस. मिनिटाच्या आत पाणी रेघेच्या वर चढून तिथंच थांबलं, तर ते नळीतलं परतलेलं पाणी. 19 मिमीच्या तीन मीटर नळीत पाऊण लिटरहून जास्त पाणी मावतं. पंप बंद झाला की ते उलटं खाली येतं, अरुंद खळग्यात फ्लोट, म्हणजे पंप सुरू करणारा तरंगता स्विच, उचलतं आणि पंप पुन्हा सुरू. बॅटरी उतरेपर्यंत हेच चालतं. नळी आखूड आणि आतून गुळगुळीत घे, फ्लोट थोडा वर बसव. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मात्र बसवू नकोस; त्यात काडीकचरा अडकला की पंप नुसता फिरतो, पाणी जागचं हलत नाही.

पाणी सावकाश चढतच राहिलं तर गळती आहे. समुद्रावर चव घेऊन कळतं: खारं असेल तर बाहेरचं, गोडं असेल तर पावसाचं. उजनीत सगळंच गोडं. म्हणून तळ पुरता कोरडा करून त्यावर खडूची बारीक भुकटी भुरभुरव. पाणी जिथून येतं तिथून भुकटीत ओली वाट उमटते. तिच्या मागे मागे जा.

ती बहुतेक शाफ्टच्या ग्लँडपाशी निघेल, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा तळातून बाहेर जातो तिथल्या दोरी भरलेल्या सांध्यापाशी. शेतातल्या पंपाची ग्लँड तू कितीदा आवळली असशील, तीच ही. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू देत, त्यानेच दोरी थंड राहते. इंजिन बंद असताना एकही थेंब नको. नट थोडा थोडाच आवळ. इंजिन चालवून, बंद करून मग ग्लँडला हात लाव. चटका बसला तर जास्त आवळलंय, शाफ्टला खाच पडेल. आवळूनही थांबेना तर दोरी संपली. ती बोट काठावर ओढूनच बदलायची. जुन्या सगळ्या कड्या उकरून काढ, नव्या तिरप्या काप आणि सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस.

आता मोठ्या पंपाचा हिशेब. पाण्याखाली 30 सेंमीवर 25 मिमीचं भोक पडलं तर मिनिटाला सुमारे 40 लिटर पाणी आत येतं. ताशी 1,900 लिटरचा पंप मिनिटाला 32 लिटरसुद्धा टाकत नाही, कारण तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. तेव्हा शाफ्ट-नळ्यांसाठी तळात पाडलेल्या प्रत्येक भोकाशेजारी त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेव. आणि फ्लोटची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवर घे, म्हणजे मेन स्विच बंद असला तरी पंप चालेल. तिचे जोड बिल्जच्या पाण्यापासून वर ठेव.

तेलाचं मात्र मनापासून सांगतो. इंजिनखाली ट्रे ठेव, बिल्जमध्ये तेल शोषणारा पॅड टाक. तो तेल घेतो, पाणी सोडतो. साबण टाकून पंप चालवायचा, असं कधीच करू नकोस. साबणाने तवंग दिसेनासा होतो, पण तेल पाण्यात मिसळून धरणातच जातं. सोलापूर तेच पाणी पितं रे. पॅडने तेल उचललं की मगच धू, आणि ते पाणीही बादलीत भरून काठावर आण.

बोटीच्या तळाच्या आडव्या पट्ट्यांमधली पाणी वाहायची भोकं गाळाने आणि जलपर्णीच्या मुळांनी बुजतात. ती तारेने मोकळी कर, नाहीतर पाणी पंपापर्यंत पोचतच नाही, मागे साचून कुजतं. वास येतो तो त्याचाच. शेवटचं पाणी पंपाला उचलत नाही. ते स्पंज आणि टॉवेलच्या कटपीसने टिपून घे. कटपीस मी पाठवतो, इथे त्यांना तोटा नाही. आधी दोनदा धू, नाहीतर त्यांचे धागे पंपाच्या जाळीत बसतील. मग फळ्या काढून तळ दिवसभर उघडा ठेव, या उन्हात संध्याकाळपर्यंत खडखडीत होईल.

रेघेचं काय झालं ते कळव.

तुझा,
सुभाष