आईचा प्लेयर साताऱ्यात लावताना

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं इथून साताऱ्याला परत पाठवलेलं सामान धडपणे पोचलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. लोणच्याच्या बरण्यासुद्धा फुटल्या नाहीत म्हणजे नवलच. पण बाबा, बोलता बोलता तुम्ही म्हणालात, "आईचा डीव्हीडी प्लेयर निघाला बरं का खोक्यातून, आज संध्याकाळी लावतो," आणि मी इकडून जवळजवळ ओरडलेच. तुम्ही लगेच थांबलात ते फार बरं केलंत. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते. दादाला सांगून छापून घ्या आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून द्या.

सगळ्यात आधी धोक्याचं. इकडची पिन चपटी असते, आपल्याकडची गोल. भिंतीतल्या सॉकेटात ती बसणार नाही. पण मोबाईल चार्जिंगला लावता तो एक्स्टेंशन बोर्ड आठवा. त्याची भोकं अशी केलेली असतात की गोल पिनही जाते आणि चपटीही. तिथे ही पिन अलगद बसेल, आणि तीच भीती आहे. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. बाबा, तुमचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, तुम्हाला मी काय सांगू. चारी जेवढ्या पाण्यासाठी खणलेली असते त्याच्या दुप्पट पाणी सोडलं की काठ फुटणारच. प्लेयरमध्ये वीज शिरते तिथे एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. फक्त १२० व्होल्टसाठी केलेल्या यंत्रात तो साधारण २०० व्होल्टपर्यंतचा ताण सोसतो. आपली २३० व्होल्टची वीज आत जाऊन एसीची (दिशा बदलत वाहणारीची) डीसी (एकाच दिशेने वाहणारी) झाली की ती सव्वातीनशेच्या घरात पोचते. मग फट्कन आवाज, जळका वास, आणि प्लेयर गेला. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब.

मात्र सगळ्याच यंत्रांचं असं नसतं. म्हणून आधी लेबल वाचायचं. प्लेयर पालथा करू नका, नुसता फिरवून मागची बाजू उजेडाकडे करा. वायर जिथे आत जाते तिथेच शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आई, तुझं भिंग घे. तिथे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर काही काळजी नाही. तो प्लेयर जगात कुठल्याही विजेवर चालतो, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून चपट्या पिनेची गोल पिन करणारा ॲडॅप्टर आणला की झालं. पण नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच असेल तर ॲडॅप्टर लावून उपयोग नाही, कारण त्याने फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज तीच राहते. मग व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच हवा.

तो दादाला पुण्यातून आणायला सांगू. तपकीर गल्लीत मिळेल. प्लेयर जेमतेम १५-२० वॅट खातो, त्यामुळे १०० व्हीएचा (हे वॅटसारखंच माप) ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला. २३० चे ११० करणारा म्हणून मागायचा. ११० आणि १२० मधल्या फरकाने प्लेयरचं काही बिघडत नाही. दुकानदार एखादा हलका, मुठीत मावणारा कन्व्हर्टर पुढे करेल, प्रवासात नेतात तसला. तो घ्यायचा नाही. तसले बरेच कन्व्हर्टर इस्त्री आणि हेअर ड्रायरसाठी असतात, त्यांतून येणारी वीज अशा नाजूक यंत्राला सोसत नाही. खरा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की जड लागतो, आत लोखंड आणि तांब्याची तार असते. चालू असताना थोडा घुमतो, थोडा तापतो, त्याला घाबरू नका. पण पिक्चर संपला की त्याचंही बटण बंद करा, आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका. आई, हे तुला सांगतेय.

बाबा, तुम्ही विचारलंत की हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला विजेच्या हेलकाव्यांचं काय, इकडे ६० आणि आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने ते बदलत नाही, पण प्लेयरला त्याने फरक पडत नाही, कारण आत गेल्यावर सगळी वीज डीसीच होते. फरक पडतो तो घड्याळाला. आईच्या उशाशी असायचं ते लाल आकड्यांचं घड्याळही सामानात आलंय ना? तसली बरीच घड्याळं विजेचे हेलकावे मोजून वेळ दाखवतात. ५० हर्ट्झवर असं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ते ट्रान्सफॉर्मरवर लावलंत तरी तेच होईल. गोळ्यांच्या वेळा त्या घड्याळावर अजिबात ठेवू नका.

दादा मला म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? टाकून दे म्हणावं तो डबा, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं." त्याचं चुकत नाही, पण त्याने आईला इथे पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. तुम्ही आलात तो पहिला हिवाळा, बाबा दुपारी झोपायचे, मुलं शाळेत, मी ऑफिसात. बाहेर बर्फ, रस्त्यावर माणूस नाही. तेव्हा आईने लायब्ररीच्या सेलमधून डॉलर-डॉलरला जुन्या डीव्हीडी आणायला सुरुवात केली. रिमोटवरचं सबटायटलचं बटण तिचं तिने शोधून काढलं. एक वाक्य झालं की चित्र थांबवायचं, खाली उमटलेल्या इंग्रजी ओळी वहीत उतरवायच्या, मग मागे नेऊन तेच वाक्य पुन्हा ऐकायचं. संध्याकाळी मुलं आली की ती वही घेऊन त्यांच्यापुढे बसायची. वसंतात औषधांच्या दुकानातल्या बाईशी तिने बाबांच्या डोसबद्दल एकटीने हुज्जत घातली आणि ती जिंकली. मी बाजूला नुसती उभी होते. अभिमानाने माझा गळा दाटून आला होता, पण तेव्हा तुला तसं बोलले नाही, आई. म्हणून आज लिहितेय. तो प्लेयर मला डबा वाटत नाही. साताऱ्यात गेल्यावर तुझं इंग्रजी आणि तुझ्या दुपारी दोन्ही सुटू नयेत एवढंच मला वाटतं.

आणि त्या डीव्हीडी इथल्याच प्लेयरवर चालतात, हीच खरी गोम आहे. प्रत्येक डीव्हीडीच्या वेष्टनावर मागे एक बारकासा पृथ्वीचा गोल काढलेला असतो, त्यात आकडा असतो. तो तिचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालेल ते. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका ४, भारत ५, चीन ६. विमानांसाठी आणि जहाजांसाठीसुद्धा वेगळा आहे, ८. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, तेव्हा सिनेमा एकेका देशात वेगवेगळ्या महिन्यांत लागायचा. इकडे डीव्हीडी निघाली तरी तिकडे अजून थिएटरात लागायचा असेल, तर कंपन्यांचा धंदा बुडायचा. म्हणून हे आकडे घातले. मला हे कधीच पटलेलं नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू माणसाने देश बदलला की मुकी होते, हे कुठल्या न्यायात बसतं? पण आहे ते असं आहे. लायब्ररीतल्या बहुतेक सगळ्या डीव्हीडी १ आकड्याच्या आहेत. साताऱ्यात कुणाकडचा प्लेयर आणून लावलात आणि तो ५ ला बांधलेला असला, तर रीजन चुकीचा आहे असा संदेश येईल आणि चित्र दिसणार नाही. डीव्हीडी खराब झाली असं समजून टाकून देऊ नका.

तुम्ही ओक ट्री रोडवरून घेतलेल्या हिंदी डीव्हीडींना ही अडचण सहसा येत नाही, अशा बऱ्याच डीव्हीडींवर आकड्याऐवजी 'ऑल' लिहिलेलं असतं. त्या कुठेही लागतात.

दादाच्या लॅपटॉपवर लावून बघायचा मोह होईल, तिथे एक लक्षात असू द्या. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. स्क्रीनवर "रीजन बदलू का" असं विचारलं की "नको" म्हणा आणि मला फोन करा.

आता घरच्या डीव्हीडी. ताईच्या लग्नाची, पिंट्याच्या मुंजीची, आजीच्या पंच्याहत्तरीची. त्या साताऱ्यातल्या फोटो स्टुडिओने करून दिलेल्या, त्यांना रीजनबिजन काही नसतं. तरी इथे आईच्या प्लेयरवर त्या लागत नव्हत्या, आठवतं ना? त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, अमेरिकेत एनटीएससी. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि आडव्या ५७६ रेघा, एनटीएससीमध्ये जवळपास ३० चित्रं आणि ४८० रेघा. इथे विकले जाणारे बरेच प्लेयर पालची डीव्हीडी घेतच नाहीत. प्लेयर साताऱ्यात नेला म्हणून त्याची ही खोड जाणार नाही. उलट बाजूने मात्र अडचण नाही. तुमचा नवा सपाट टीव्ही दोन्ही पद्धती दाखवील, त्यामुळे आईच्या अमेरिकन डीव्हीडी त्यावर रंगीत आणि स्वच्छ दिसतील. जुना डबा टीव्ही असता तर चित्र काळंपांढरं तरी आलं असतं किंवा वरखाली सरकत राहिलं असतं.

घरच्या डीव्हीडींबद्दल माझं एक मागणं आहे, आणि हे प्लेयरपेक्षाही निकडीचं आहे. दिवाळीत दादा येईल तेव्हा त्या सगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती रंगाच्या एका पातळ थरात, आणि तो थर वर्षागणिक विटतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात ओल येते ती वेगळीच. आजी हसतेय, बोलतेय अशी आपल्याकडे तेवढी एकच आहे. पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीच्या मागे लागतो, मग पालची भानगड नाही आणि प्लेयरही नको. दोन प्रती करा. एक मला पाठवा. उतरवण्याआधी डीव्हीडी पुसायची असेल तर जुन्या मऊ सुती धोतराच्या तुकड्याने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, तशा पडलेल्या ओरखड्यांनी जास्त नुकसान होतं.

जोडणी सोपी आहे. प्लेयरबरोबरच्या तीन तोंडांच्या वायरी मी खोक्यात घातल्या आहेत. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. टीव्हीच्या मागे त्याच रंगांची भोकं शोधा. तशी नसली तर एव्ही लिहिलेलं एकच बारीक गोल भोक असेल. त्यासाठीची आखूड वायर टीव्हीच्या खोक्यात आली होती. ते खोकं माळ्यावर असेल, पण बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा. मग टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून एव्ही निवडायचं.

एकदा लागला की टीव्हीच्या रिमोटला हिरवी चिकटपट्टी आणि प्लेयरच्या रिमोटला लाल चिकटपट्टी लावा. लाल रिमोट आईकडे राहू दे. बाबा, तुम्ही प्रेमाने करता हे मला माहीत आहे, पण ती उठायच्या आत तुम्हीच सगळं लावून देता आणि मग तिचा हात बसत नाही. पहिले काही दिवस तुम्ही फक्त ट्रान्सफॉर्मरचं बटण बघा. बाकी तिला करू द्या. आई, सबटायटलचं बटण तेच आहे, उजवीकडे खाली. वही सामानात निळ्या पिशवीत आहे, मधली पानं कोरी आहेत.

आणि ऐका, लेबलवर १२० असेल आणि ट्रान्सफॉर्मर यायला वेळ लागला तर लागू दे. तोवर प्लेयर खोक्यातच ठेवा, "एकदा बघूया तरी" म्हणून लावू नका. त्यापेक्षा गॅलरीत बसून चहा प्या.

लेबलचा फोटो उद्या सकाळी पाठवा, म्हणजे दादा शनिवारी पुण्याहून निघण्याआधी त्याला काय आणायचं ते सांगते. बाबांच्या साखरेचा रिपोर्टही त्याच वेळी पाठवा, मागच्या वेळचा अर्धाच दिसत होता. मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
मनू